ठणका थांबतो तेव्हा

उपरण्यानं गाल बांधून आलेला माणूस खुर्चीत टेकायला तयार नव्हता. दारातूनच म्हणाला, "म्याडम, चार दिस लई ठणका व्हता. काल पहाटं आपसूक राहिला. आता काय बी दुखत न्हाय. नुसत्या गोळ्या द्या, जातो."

डॉक्टरबाईंनी त्याच्या गालाकडे पाहिलं. उपरण्याच्या कडेनं सूज दिसत होती, कातडी ताणून तुकतुकीत झाली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आबा, पहाटे दुखायचं थांबलं तेव्हा तोंडात काही खारट, घाण चव आली होती का?"

आबा चमकले. "तुमाला कोण बोललं?"

कुणी सांगायची गरज नव्हती. कऱ्हेच्या काठानं, मोरगाव-बारामती रस्त्यावर दवाखाना चालवायला लागून त्यांना आता वीस वर्षं होत आली. तरडोली, कऱ्हाटी, जळगाव, अंजनगाव, कऱ्हावागज अशा गावांतून येणारी माणसं दुखण्याचं वर्णन आपापल्या शब्दांत करतात, पण दाताच्या मुळाशी पू झालेल्याची हकिगत बहुतेक वेळा एकाच क्रमानं येते. आधी थंड झोंबतं. मग गरम झोंबतं. मग रात्री झोप उडते. आणि मग एका पहाटे सगळं शांत. डॉक्टरबाईंना सगळ्यांत जास्त बोलावं लागतं ते या शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाशी. ज्याला दुखतंय त्याला समजावण्याची गरज नसते, तो स्वतःच आ वासून बसतो. ज्याचं दुखणं थांबलंय त्याला खुर्चीत बसवणं, हेच या धंद्यातलं अवघड काम.

हा बारामती तालुक्याचा जिरायती भाग. शेजारी नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस उभा असतो आणि इथे कांदा, बाजरी, शाळवाचं गणित पावसावर आणि उपसा योजनेच्या आवर्तनावर चालतं. कऱ्हा नदी वर्षातले बरेच महिने वरून कोरडी दिसते, पण वाळूत हातभर खड्डा केला तर खाली पाणी पाझरतं. सुरुवातीच्या काळात डॉक्टरबाई दाताचा पुठ्ठ्याचा नकाशा समोर धरून रोग्यांना समजावत. माणसं माना डोलवत आणि गोळ्या घेऊन जात. पुढे त्यांनी नकाशा कपाटात टाकला आणि पाण्याच्या भाषेत बोलायला सुरुवात केली.

दाढेच्या आत पोकळी असते, तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड वरचं कठीण कवच पोखरत त्या पोकळीपर्यंत पोचली की जंतू आत शिरतात. आतला भाग सुजतो, पण सुजायला जागा नसते, कारण चारी बाजूंनी दाताच्या भिंती. म्हणून ठणका. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, ठणकाही वाढतो, म्हणून माणसं रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालतात. काही दिवसांत नस मरते. जंतू मुळाच्या टोकाच्या बारीक भोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साचतो. हाड म्हणजे बांध. पाणी बांधाआड तुंबलंय तोवर दाब, दाब आहे तोवर कळ. मग एका रात्री बांध फुटतो, पू हाडाबाहेर मऊ भागात येतो, दाब उतरतो आणि माणसाला वाटतं, बरं झालं.

"बांध फुटला म्हणजे पाणी आटलं का, आबा?" त्या विचारतात. दारं धरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून शिकावं लागत नाही.

ओळखण्याचं काम बघायला गेलं तर साध्या हत्यारांनी होतं. डॉक्टरबाई आरशाच्या दांडीनं एकेका दातावर हलकी टिचकी मारतात. आजारी दातावर टिचकी बसली की माणूस खुर्चीतून उठतो. मुळाभोवतीचा पडदा सुजल्यामुळे तो दात खोबणीतून किंचित वर उचललेला असतो. रोगी सांगतात, "दाढ लांब झाल्यागत वाटती, तोंड मिटलं की आधी तीच लागती." हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान झालेलं असतं. मग गारव्याची तपासणी: बर्फासारखा थंड बोळा दाताला लावायचा. जिवंत दात झिणझिणतो, मेलेला गप्प राहतो. मग हिरडी चाचपणं, जबड्याखालच्या गाठी बघणं, ताप बघणं.

एकदा एक माणूस एसटीतून उतरला तो हातात थंड पाण्याची बाटली घेऊन. दर दोन मिनिटांनी घोट घ्यायचा, गालात धरून ठेवायचा, थुंकायचा. पाणी कोमट झालं की कळवळायचा. सोबतच्या बायकोला वाटत होतं त्याला काहीतरी बाधलंय. डॉक्टरबाईंच्या दृष्टीनं ती बाटली हाच पुरावा होता. गरमानं कळ आणि गारव्यानं आराम, म्हणजे नस शेवटच्या घटका मोजतेय. आज उघडली तर हाडात पू होण्याआधी दाढ वाचेल. हा माणूस दुखत असताना आला म्हणून नशीबवान.

एक्स-रेवर मात्र आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला तर प्रश्नच मिटतो. पण हाडातला तीस ते पन्नास टक्के क्षार गेल्याशिवाय तो डाग उमटत नाही. पू चार दिवसांचा असेल तर फोटो स्वच्छ येऊ शकतो आणि माणूस तर कळवळत असतो. "फोटोत काय न्हाय म्हणजे काय न्हाय," असं म्हणून आधीच्या ठिकाणाहून परत पाठवलेले रोगी त्यांनी पाहिले आहेत.

आणि कधी उलटं होतं. दुखणं कुठेच नाही, पण पू आहे. बारावीतला एक मुलगा हनुवटीवरची पुळी दाखवायला आला होता. वर्षभर मलमं चालू होती. पुळी सुकायची, खपली धरायची, पुन्हा वाहायची. दात दुखतो का, तर नाही. डॉक्टरबाईंनी खालचे पुढचे दात उजेडात पाहिले. एक दात बाकीच्यांपेक्षा किंचित करडा होता. दोन-तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडल्याचं मग त्याला आठवलं. दात तुटला नव्हता, हलला नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. पण धक्क्यानं आतली नस मेली होती, आणि पुवानं हाडातून उताराची वाट शोधत थेट हनुवटीच्या कातडीत तोंड काढलं होतं. त्यांनी त्या तोंडातून गट्टापर्चाची एक बारीक काडी अलगद आत सरकवली आणि फोटो काढला. काडी वळत वळत बरोबर त्या करड्या दाताच्या मुळाशी जाऊन थांबलेली दिसली. दाताचं रूट कॅनाल झालं, आणि कातडीला हातही न लावता काही आठवड्यांत पुळी बंद झाली. तिथे खळीसारखी खूण राहिली, तेवढीच.

गट्टापर्चाची गोष्ट त्या आवडीनं सांगतात. साफ केलेल्या मुळात भरायची ही गुलाबी काडी मलायाकडच्या एका झाडाच्या चिकापासून बनते, आणि ते झाड आपल्या चिकूच्या कुळातलं. परसात चिकू असलेल्या माणसाला हे ऐकून दाढेत काय भरलंय याची भीती उरत नाही.

दातातून हाडात आणि हाडातून बाहेर जाणारी ही वाट आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखलेली आहे. सुश्रुतसंहितेत हिरड्यांचे पंधरा रोग मोजले आहेत, त्यांत पाच प्रकारच्या नाड्या, म्हणजे वाहत्या वाटा, वेगळ्या नोंदवल्या आहेत. त्याच्या जोडीला किड्याची समजूतही जुनीच. रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकून नळीनं धूर दाढेला द्यायचा आणि वाटीतल्या पाण्यात पडलेले 'किडे' दाखवायचे, हा प्रकार डॉक्टरबाईंच्या आजीनंही केला होता. दाताच्या किड्याची ही कल्पना बाबिलोनपासून युरोपापर्यंत सगळीकडे होती. फ्रान्सच्या पियेर फोशार यांनी 1728 साली आपल्या दंतशास्त्राच्या ग्रंथात ती नाकारली. तरीही 'दाढेला कीड लागली' हा शब्द मराठीत पक्का बसला, आणि तो बदलण्याच्या भानगडीत डॉक्टरबाई पडत नाहीत. कीड म्हणा, पण वेळेवर या.

घरगुती उपायांपैकी लवंगेच्या तेलाला त्या नाव ठेवत नाहीत, घटकाभर बधिरपणा येतो. कोमट मीठपाण्याच्या गुळण्याही चालतील. मिश्री किंवा तंबाखू दाबून धरणं, डोकेदुखीची गोळी हिरडीवर ठेवणं हे मात्र वाईट. ॲस्पिरिननं हिरडी भाजून पांढरी पडते आणि मूळ दुखण्यात एका जखमेची भर. सगळ्यांत वाईट म्हणजे बाहेरून गालाला गरम विटेचा शेक. त्यानं पू गालाच्या दिशेनं ओढला जातो आणि तोंडात फुटायचं ते चेहऱ्यावर फुटतं.

आता उपचार. तो एका वाक्यात सांगता येतो: पुवाला वाट करून द्या आणि पू जिथून येतो ती जागा बंद करा. वाट म्हणजे हिरडीवर छोटा छेद, किंवा दातातूनच भोक पाडून पू बाहेर काढणं. जागा बंद करणं म्हणजे एकतर दाढ काढणं, नाहीतर रूट कॅनाल, ज्याला इथे सगळे 'नस काढणं' म्हणतात. बारीक कानशींनी मुळं आतून घासायची, सोडियम हायपोक्लोराइटनं धुवायची, औषध भरून ठेवायचं, कोरडी झाली की चिकाच्या काडीनं भरायची, वर कॅप.

भूल हा वेगळा झगडा. 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी बनवलेलं लिग्नोकेन आज प्रत्येक दंतवैद्याच्या हाताशी असतं, पण पू झालेल्या जागी तेच औषध दगा देतं. तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो आणि औषधाचा फार थोडा अंश नसेच्या आवरणातून आत शिरतो. म्हणून सुई सुजेत न टोचता लांब, नस जबड्यात शिरते तिथे द्यावी लागते. डॉक्टरबाई हे रोग्याला आधी सांगतात. "पाटाचं पाणी बंद करायचं तर शेतात उभं राहून चालत नाही, वरच्या दारावर जावं लागतं." हे सांगितलं की माणूस हात घट्ट धरून का होईना, बसून राहतो.

राहिल्या गोळ्या, ज्या मागायला आबा आले होते.

प्रतिजैविकांची या जिल्ह्याशी जुनी ओळख आहे. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. देशातला हा पहिला सरकारी औषध कारखाना. त्याआधी ज्या सुजेनं माणूस दगावत असे, ती इंजेक्शनानं उतरताना बघितलेली एक पिढी इथे आहे, आणि गोळीवरचा तिचा विश्वास फुकाचा नाही. पण गोळी रक्तातून जाते, आणि मेलेल्या दातात रक्तच पोचत नाही. जंतूंचं कोठार तसंच राहतं. गोळ्यांनी सूज ओसरते, माणूस कामाला लागतो, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा गाल वर येतो. अमेरिकी दंतवैद्यक संघटनेनं 2019 साली स्पष्ट मार्गदर्शन केलं: दाताचा उपचार लगेच होत असेल तर धडधाकट माणसाला दातदुखीसाठी किंवा तोंडातल्या छोट्या सुजेसाठी प्रतिजैविक लागत नाही. ताप असेल, सूज पसरत असेल, शरीराची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर द्यायचं, तेही उपचाराच्या जोडीला.

हे मार्गदर्शन येण्याच्या काही वर्षं आधी डॉक्टरबाईंनी तो धडा एका बाईच्या मानेवर वाचला होता.

तेव्हा त्या आठवड्यातून एक दिवस कालव्याच्या पट्ट्यात एका मैत्रिणीच्या दवाखान्यात बसत. गळीत हंगाम चालू होता. ऊसतोडीला आलेली एक बाई, तिशीच्या आतली, खालच्या उजव्या शेवटच्या दाढेचं दुखणं घेऊन आली. गाल थोडा सुजलेला, अंगात कणकण. दाढ उघडायची तर अर्धा तास लागला असता आणि बाहेर गाडी तिची वाट बघत उभी होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. तिचा खाडा म्हणजे जोडीचा खाडा, आणि उचल आधीच घेतलेली. ती म्हणाली, गोळ्या द्या, तीन दिवसांनी येते. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आराम पडला, म्हणून ती आली नाही.

नवव्या दिवशी तिला आणलं तेव्हा तोंड एका बोटाइतकंही उघडत नव्हतं. सूज जबड्याखाली दोन्ही बाजूंना, लाकडासारखी कडक. जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नव्हती, आवाज घोगरा. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या स्नायूच्या रेषेखाली उतरलेली असतात, त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता थेट गळ्याच्या कप्प्यांत पसरतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 साली याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं हा आजार ओळखला जातो. यात माणूस जातो तो श्वास कोंडून. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी दाढेला हात लावला नाही. तिला बसतं ठेवलं, आडवं होऊ दिलं नाही, 108 बोलावली, आणि पुण्याच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत स्वतः सोबत गेल्या. मानेला छेद देऊन पू काढला, दाढ काढली, बाई वाचली. पुढच्या हंगामात ती मुद्दाम भेटायला आली. मानेवर आडवा व्रण होता. तिनं पदर सारून तो दाखवला आणि हसली. डॉक्टरबाईंना हसता आलं नाही.

ज्या देशात सगळं आहे तिथेही हे घडतं. 2007 साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात डियामाँटे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा दाताच्या पुवातले जंतू मेंदूत गेल्यानं वारला. दोन शस्त्रक्रिया आणि आठवडेच्या आठवडे रुग्णालय, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात. दाढ वेळेत काढली असती तर सुमारे ऐंशी डॉलर लागले असते. ही गोष्ट डॉक्टरबाई शाळेतल्या पालकांना सांगतात, कारण मुलांच्या बाबतीत इथे एक घोळ नेमका होतो. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दात पडलेला नसतो, म्हणून घरात सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. ती किडली की आई म्हणते, पडणारच आहे. ती पडणार नसते. आणि खरोखर दुधाची असली तरी तिच्या मुळांखाली कायमच्या दाताचा कोंब असतो, वरचा पू त्याला डागाळतो. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणारं पथक दातही बघतं. त्यांची चिठ्ठी घेऊन आलेलं मूल डॉक्टरबाई रांगेत पुढे घेतात.

त्या ऊसतोड बाईनंतर दवाखान्यात दोन गोष्टी बदलल्या. पू असेल तर त्याच दिवशी वाट करून द्यायची, मग दुपारचं जेवण राहिलं तरी चालेल. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक पाटी लागली: तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, जीभ वर आली, आवाज बदलला, डोळा सुजेनं मिटतोय, श्वास लागतोय, यांतलं एकही असेल तर इथे थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. नंबर 108.

आबांना यांतलं काहीच नव्हतं. तोंड तीन बोटं उघडत होतं, ताप नव्हता. पण बोटाला टोचून साखर बघितली ती तीनशेच्या वर निघाली. आपल्याला साखर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. साखर असली की पू लवकर पसरतो, आणि पू असला की साखर आटोक्यात येत नाही. त्यामुळे त्यांना गोळ्या मिळणार होत्या, पण नुसत्या नाही.

"आबा, घरी गाई किती?"

"दोन. एक दुभती."

"तिला दगडी झाली तर काय करता? नुसतं इंजेक्शन देऊन सोडता?"

"न्हाय न्हाय. आधी सड पिळून सगळा खराबा काढाय लागतो. त्याबिगर इंजेक्शनचा गुण येत न्हाय."

बोलून झाल्यावर आबा स्वतःच गप्प झाले. मग उपरणं सोडून खुंटीला अडकवलं आणि खुर्चीत बसले.

सुई लांबून दिली. दहा मिनिटांनी दाढेच्या वरच्या भोकातून पिवळा पू वर आला आणि खोलीत तो ओळखीचा वास पसरला, ज्याची डॉक्टरबाईंना वीस वर्षांतही सवय झालेली नाही. दाढ ठेवायची की काढायची, हे साखर उतरल्यावर ठरणार होतं. काढली तर डोळ्याची नजर जाते असं गावात कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं, त्यावर पाच मिनिटं वेगळी गेली. मदतनीस मुलीनं कागदावर तारीख लिहून दिली आणि रक्ततपासणीची चिठ्ठी जोडली.

आबांनी दारात चपला घालताना मागे वळून विचारलं, "आज रातची लाईट हाय. दारं धराया जाऊ का?"

"आज पोराला पाठवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि परवा या. दुखलं नाही तरी या."

"दुखलं न्हाय तरी?" आबांनी एकदा विचारलं, आणि कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.